सगळे उतरा!

स्वयंपाकघरात किटली जीव तोडून शिट्टी मारत होती आणि तिच्यापासून हातभर अंतरावर बर्नी हॉब्स शांतपणे पेपर वाचत बसला होता. वाफेने खिडकीची काच पांढरी झाली होती. घरात कोणी नाही आणि गॅस तसाच राहिलाय अशा समजुतीने मी जिना उतरून धावत आलो होतो. बर्नीला पाहून दारातच थबकलो.

"बर्नी, किटली!"

त्याने पान उलटलं.

मी पुढे होऊन गॅस बंद केला. माझा हात डोळ्यांसमोरून गेला तसा तो दचकला आणि लगेच हसला.

"बघत होतो, तुला यायला किती वेळ लागतो ते," तो म्हणाला.

एरवी मला हे पटलं असतं. लोकांना हसवणं हाच बर्नीचा धंदा, घरीदारी त्याचे असले चाळे चालायचेच. पण मी मुळातला भित्रा. मिरजेच्या आमच्या घरी दाराची कडी लागली की नाही हे बघायला आई पुन्हा पुन्हा उठायची, तो गुण माझ्यात पुरेपूर उतरलेला. गेले काही दिवस एक शंका माझं डोकं खात होती.

मी त्याच्याकडे पाठ करून कपाटातले कप काढले आणि नेहमीच्या आवाजात म्हणालो, "तुझ्या खुर्चीखाली उंदीर आहे, बर्नी."

काही नाही. पेपरची सळसळ तेवढी.

मी वळलो. "तुला ऐकू येत नाही," मी म्हणालो.

हे मात्र त्याला समजलं, कारण तो आता माझ्या ओठांकडेच बघत होता.

"हळू बोल की," तो म्हणाला. "वर रॉय आहे."

हे सगळं सहासष्ट सालचं, इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावरच्या एका लहानशा गावातलं. मी गेलो होतो बोल्टनला, कापड गिरणीचं शिक्षण घ्यायला. सुट्टीत बसवर कंडक्टर म्हणून लागलो आणि डेपोच्या कँटीनमध्ये बिस्किटांच्या डब्यावर चमचे बडवताना बर्नीच्या तावडीत सापडलो. शाळेत असताना सव्वीस जानेवारीच्या संचलनात ड्रम वाजवला होता, तेवढीच माझी संगीतसाधना. बर्नी म्हणाला, "बास की! आणखी काय लागतं?" तो स्वतः कंडक्टर. रॉय टॅटलॉक ड्रायव्हर, तो मुख्य गिटार वाजवायचा. केन आणि लेस हे सख्खे भाऊ डेपोत गाड्या धूत, ते उरलेल्या दोन गिटारी वाजवत. आम्ही बँडचं नाव ठेवलं 'द लेट बसेस'. दिगंबर म्हैसाळकर हे नाव कोणाच्या तोंडात मावेना म्हणून मी डिगी झालो. वडिलांना मी पत्रातून फक्त सुताबद्दल कळवत असे.

आम्ही कंडक्टरचे कोट आणि टोप्या घालून गायचो. बर्नी मधोमध, गोल गरगरीत, गळ्यात तिकिटांचं यंत्र. गाणं ऐन रंगात आलं की तो जागच्या जागी अशी उडी मारायचा की खाली येईपर्यंत विजार घोट्याशी. पण आमचं खरं भांडवल वेगळंच होतं. अगदी सुरुवातीला एका कार्यक्रमात लेस वायरला अडखळून पालथा पडला. लोक एकदम गप्प झाले. बर्नीने त्याच्याकडे पाहिलं आणि शेवटच्या थांब्यावर कंडक्टर ओरडतो तसा ओरडला, "गाडी इथवरच! सगळे उतरा!" आणि स्वतःही धाडकन खाली पडला. ते बघून आम्हीही पडलो. लोकांची हसून मुरकुंडी वळली. तेव्हापासून तो नियमच झाला. एकाची चूक ती सगळ्यांची. कोणी शब्द विसरला, कोणाची तार तुटली, की बर्नी ओरडणार आणि आम्ही चितपट. चूक कोणाची हे बघणाऱ्याला कधी कळायचंच नाही.

त्याच जोरावर आमची पहिली रेकॉर्ड देशभर वाजली, दुसरीही बरी चालली. तिसरीकडे कुत्रंही फिरकलं नाही. तोवर लांब केसांची, गंभीर चेहऱ्यांची पोरं आली होती. ती गाताना हसत नसत आणि लोकांना आता तेच आवडू लागलं होतं. आमच्या वाट्याला आलं समुद्रात खांबांवर उभं केलेलं एक जुनं थिएटर, तिथले उन्हाळी खेळ, आणि समोर निवृत्त म्हातारेकोतारे. तेवढ्या दिवसांपुरतं आम्ही पाचजणांनी हे घर भाड्याने घेतलं होतं. अशात रॉयने कुठून तरी सूत जुळवलं. लंडनहून टेलिव्हिजनचे पेनरोज नावाचे गृहस्थ शनिवारी दुपारचा खेळ बघायला येणार होते. नाताळच्या कार्यक्रमासाठी आणि नंतरच्या दौऱ्यासाठी त्यांना एक विनोदी बँड हवा होता. आम्ही आवडलो तर बँड टिकणार, नाही तर पुन्हा डेपो. रॉयची तर डेपोत परत जायची सोयही उरली नव्हती, साहेबाला चार शब्द सुनावून तो बाहेर पडला होता.

आणि आमच्या गायकाला किटली ऐकू येत नव्हती.

"कधीपासून?" मी विचारलं.

"डावा कान गेला तो गेलाच. उजवा येतो-जातो." बर्नीने पेपरची घडी घातली. "दाताच्या डॉक्टरकडे म्हणून मँचेस्टरला गेलो होतो ना, तो कानाचा होता. स्पीकरच्या त्या खोक्यांशेजारी इतकी वर्षं उभा राहिलोय. डॉक्टर म्हणाला, आता लांब व्हा, नाहीतर उरलंय तेही जाईल."

"मग?"

"मग काय? शनिवारनंतर बघू."

"आणि गातोस कसा?"

"तोंडपाठ आहे रे सगळं. जमिनीचा हादरा पायाला कळतो. फक्त जेनी अडवते."

जेनी म्हणजे आमचं शेवटचं गाणं. जेनी नावाची मुलगी बसमध्ये चढून निघून जाते आणि गायक मागे धावत राहतो. शेवटी सगळी वाद्यं एकदम थांबत. संपूर्ण शांतता. बर्नी एक पाय वर धरून पुतळ्यासारखा उभा. मग माझा ठोका आणि त्याच क्षणी त्याची उडी. गेल्या काही खेळांत ती उडी भलत्याच वेळी पडत होती आणि दर वेळी तो स्वतःच "सगळे उतरा!" ओरडून वेळ मारून नेत होता. पण एकाच जागी रोज गाडी बंद पडायला लागली तर रॉयला संशय येणारच.

"तू काठी डोक्याच्या वर उचल," बर्नी म्हणाला. "मी मान वळवून बघेन. काठी खाली आली की उडी. जमेल?"

"रॉयला सांगू या."

"शनिवार होऊ दे. रॉयला आत्ता कळलं तर तो काळजीने सूर सोडेल." तो हसला. "काळजीचं खातं तुझ्याकडेच बरं, डिगी. तुला सवय आहे."

त्या दिवसापासून माझी झोप उडाली. जेवताना रॉय काही विचारी, बर्नी नुसती मान डोलवी, आणि माझा घास तोंडातच राही. तो काही ऐकू आलं नाही तरी हसून मान डोलवायला शिकला होता, हे मला आता दिसायला लागलं. रविवारी कोपऱ्यावरच्या टेलिफोनच्या खोक्यातून तो घरी फोन करायचा. मी बाहेर उभा होतो. सवयीने त्याने रिसीव्हर डाव्या कानाला लावला, थांबला आणि मग उजव्या कानाला नेला. त्याची चार वर्षांची मुलगी शीला पलीकडे काहीतरी सांगत असणार. तो डोळे मिटून, काचेला कपाळ टेकून ऐकत होता. इतकं मन लावून ऐकताना मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. मी उगाच समुद्राकडे बघत राहिलो.

शनिवारी दुपारी थिएटर भरलं. मी पडद्यामागे ड्रमपाशी जाऊन बसलो होतो. तेवढ्यात केन माझ्याजवळ येऊन वाकला.

"रॉयने शेवट बदललाय. जेनीचं तिसरं कडवं गाळायचं, दुसरं संपलं की थेट थांबायचं. आणि मागे सगळा अंधार, उजेड फक्त बर्नीवर. त्या पेनरोजला छाप पडेल म्हणतोय."

अंधारात माझी काठी बर्नीला दिसणार नव्हती. "बर्नीला सांगितलं?"

"हो, आत्ताच विंगेत. त्याने मान डोलवली."

पलीकडे आमच्या आधीच्या बाई ऑर्गन वाजवत होत्या, पत्रा हादरेल इतक्या जोरात. विंगेत रॉय बर्नीच्या डाव्या हाताला उभा होता. डाव्या!

"बर्नी!" मी हाक मारली, काठी हलवली. तो टोपी नीट करत होता. मी ड्रममागून बाहेर पडायला उठलो, एका पायात पेडल अडकलं, आणि पडदा वर गेला.

पुढचं मी कसं वाजवलं ते देव जाणे. लोक हसत होते. बर्नी त्या दिवशी खरोखर रंगात होता. त्याने पुढच्या रांगेतल्या एका आजीबाईंना तिकीट दिलं आणि "मांडीवर कुत्रं बसलंय त्याचंही लागेल," म्हणाला. कुत्रं नव्हतंच, तिथे बाईंची पर्स होती. सगळं थिएटर खदखदलं. तिसऱ्या रांगेत राखाडी सुटातले पेनरोज हनुवटीवर हात ठेवून बसले होते. ते हसत नव्हते. दोन गाण्यांच्या मध्ये मी बर्नीची नजर पकडायचा प्रयत्न केला. त्याने मागे बघून मला डोळा मारला. त्याला वाटलं मी नेहमीसारखाच घाबरलोय. मी तोंडाने शब्दांचा आकार केला, "तिसरं नाही, तिसरं नाही." त्याने मान डोलवली. काही कळलं नाही की तो हीच मान डोलवायचा.

जेनी सुरू झाली. पहिलं कडवं झालं. दुसऱ्या कडव्याची शेवटची ओळ आली आणि आम्ही थांबलो. मागचे दिवे गेले. मी काठी डोक्यावर धरून काळोखात बसलो होतो आणि पुढे गोल उजेडात बर्नी एकटा गात होता.

वाद्यं थांबली आहेत हे त्याला कळलंच नव्हतं. पायाखालचा हादरा थांबलेला त्याला का कळला नाही, देव जाणे. कदाचित खालच्या लाटांचा हादरा त्याला आमचाच वाटला असेल. तो तिसरं कडवं म्हणत होता, हात फेकत, गुडघे उचलत, आणि बँडचा आधार सुटल्यावर त्याचा सूर हळूहळू घसरत भलतीकडेच चालला होता. लोक आधी हसले. मग हसू विरलं. कोणीतरी खोकलं. सुरात नसलेला माणूस शांततेत किती एकटा दिसतो हे मी त्या दिवशी पाहिलं.

"बर्नी!" रॉय दबक्या आवाजात म्हणाला. मग थोडं मोठ्याने, "बर्नी!"

केनने बिचाऱ्याने त्याच्या गाण्यात पुन्हा शिरायचा प्रयत्न केला, पण बर्नीचा सूर कुठल्याच तारेवर बसेना. शेवटी केनने नाद सोडला. तिसऱ्या रांगेत पेनरोज शेजारच्या माणसाकडे वळून काहीतरी बोलत होते. अजून दोन ओळी, आणि सगळ्या थिएटरला कळलं असतं की हा विनोद नाही.

इतक्या वर्षांत स्टेजवर मी तोंड उघडलं नव्हतं. ते माझं काम नव्हतं. पण संचलनात आमचे कवायतीचे मास्तर ज्या आवाजात ओरडत तो आवाज माझ्या छातीतून आपोआप निघाला.

"गाडी इथवरच! सगळे उतरा!"

रॉय गिटारीसकट पडला. केन पडला, लेस पडला. मी झांजेचा स्टँड ओढून घेत स्टुलावरून मागे कोसळलो. त्या धडामधुडुमने घाबरून दिवेवाल्याने सगळे दिवे लावले. आणि मग जो हशा उठला तसा आमच्या उभ्या आयुष्यात कधी उठला नव्हता. चार माणसं मुडद्यासारखी पडलेली आणि पुढे त्यांचा म्होरक्या पाठीमागचा पत्ता नसल्यासारखा जीव ओतून गातोय! म्हातारी माणसं खुर्च्यांचे हात बडवत होती. बर्नीला ते चेहरे दिसले. तो खूश झाला. आणखी जोरात गायला लागला, कडवं पुरं केलं, एक पाय वर धरला आणि माझी काठी बघायला मान वळवली.

मी जमिनीवरून त्याचा चेहरा पाहिला. आधी त्याला काहीच उमगलं नाही. मग उमगलं. आम्ही पडलोय म्हणजे कोणीतरी ते ओरडलंय. त्याचे स्वतःचे शब्द होते, आणि त्यालाच ऐकू आले नव्हते.

तो पाय त्याने सावकाश खाली ठेवला. लोकांना तोही विनोदच वाटला. मग त्याने गळ्यातलं यंत्र फिरवलं, एकेक तिकीट फाडलं आणि आमच्याजवळ येऊन प्रत्येकाच्या छातीवर ठेवलं. माझ्यापाशी आल्यावर क्षणभर थांबला, माझी टोपी सरळ केली. शेवटी स्वतःच्या छातीवर एक तिकीट ठेवून आमच्या ओळीत आडवा झाला. पडदा पडला.

मेकअपच्या खोलीत रॉय वेडा व्हायचा बाकी होता. "पेनरोज उभा राहून टाळ्या वाजवत होता, पाहिलंत? उभा राहून! मॅनेजर आत्ताच सांगून गेला, नेमकं तेच हवंय म्हणे, नाताळात आणि दौऱ्यात रोज. आम्ही सगळे पडतो आणि हा गातच राहतो! बर्नी, लेका, काय ते तोंड केलं होतंस! जणू काही ऐकलंच…"

तो मध्येच थांबला. बर्नी आरशासमोर बसून चेहऱ्याचा रंग पुसत होता.

"मी तुला हाक मारली," रॉय म्हणाला. "दोनदा."

बर्नीने आरशातून त्याचे ओठ पाहिले असावेत. "डाव्या बाजूने मारलीस," तो म्हणाला. आणि त्याने सगळं सांगून टाकलं. डॉक्टर, स्पीकर, माझी काठी, सगळं.

खालून समुद्राचा आवाज येत होता. रॉय पेटीवर बसला.

"डिगीला माहीत होतं?"

"मीच त्याला बोलू दिलं नाही. बघ त्याच्याकडे, किलोभर तरी उतरलाय."

रॉयने तोंडावरून हात फिरवला. तो वाईट माणूस नव्हता. त्याच्यापुढे आता काहीच उरलं नव्हतं, हे मला दिसत होतं. मग तो बर्नीच्या समोर येऊन उकिडवा बसला, तोंड नीट दिसेल असा, आणि हळूहळू म्हणाला, "एक हिवाळा, बर्नी. एकच. त्यात तुला ऐकू येण्याची गरजसुद्धा नाही. लोक त्यालाच हसतायत. एका हिवाळ्यात असं कितीसं जाईल?"

बर्नीने रंगाचं फडकं खाली ठेवलं.

"शीला 'र' म्हणायला शिकलीय," तो म्हणाला. "रविवारी फोनवर तिने मला 'रॉयकाका' म्हणून दाखवलं. उजव्या कानाला अजून ऐकू येतं, रॉय. तेवढं मला ठेवायचंय."



मग बर्नी उठला. ओरडला नाही. रोजच्या मार्गावर, रिकाम्या गाडीत, पेंगुळलेल्या उतारूला सांगावं तसं म्हणाला, "गाडी इथवरच. सगळे उतरा."

पहिला रॉय हलला. त्याने टोपी काढून पेटीवर ठेवली आणि त्या पावडरीने माखलेल्या जमिनीवर सावकाश आडवा झाला. एकाची चूक ती सगळ्यांची, तसं एकाचं उतरणंही सगळ्यांचं, हे त्याने न बोलता ठरवून टाकलं होतं. केन आणि लेस त्याच्या शेजारी पडले. मग मी. छताकडे बघायला मिळालं म्हणून मला बरं वाटलं. शेवटी बर्नी माझ्याकडे तोंड करून कुशीवर पडला. त्याचा उजवा कान जमिनीला टेकला होता.

दार वाजलं. कोणी उठलं नाही. ते उघडलं आणि राखाडी सुटातले पेनरोज आत डोकावले. पाच माणसं ओळीने जमिनीवर. ते पोट धरून हसायला लागले. "इथेसुद्धा!" ते म्हणाले. "अहो, तुम्ही इथेसुद्धा थांबत नाही!" दाराला टेकून ते हसत होते, रुमालाने डोळे पुसत होते.

बर्नी माझ्या ओठांकडे बघत होता.

"हसतोय ना तो?" त्याने विचारलं.

"हसतोय," मी म्हणालो, त्याला नीट दिसेल असं.